पाचव्या दिवशीचा घड

निंबाअप्पा भामरे कुठल्याही वस्तूकडे, झाडाकडे किंवा माणसाकडे बघून पहिला प्रश्न विचारतात तो एकच: "दिवस किती झाले?"

आमच्या सोसायटीत ते राहायला आले तेव्हा त्यांचं सामान अजून टेम्पोतच होतं आणि ते खाली उभे राहून इमारतीच्या भिंतीवरची ओल न्याहाळत होते. मी शेजारधर्म म्हणून पुढे झालो, नमस्कार केला. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "रंगाला दिवस किती झाले?"

मी म्हटलं, "झाली असतील तीनेक वर्षं."

"वर्षं नका सांगू. अकराशे दिवस म्हणा. मग बरोबर. यायलाच पाहिजे ओल." आणि ते समाधानानं टेम्पोकडे वळले. माझं नाव त्यांनी विचारलं ते त्यानंतर चार दिवसांनी.

अप्पा मूळचे सटाण्याकडचे. शेतकीची पदवी घेऊन द्राक्षबागांचे सल्लागार झाले आणि चाळीस वर्षं मोटारसायकलवरून दिंडोरी, निफाड, चांदवड पालथं घालत हिंडले. द्राक्षाच्या माणसाचं कॅलेंडर वेगळं असतं. त्याला ऑक्टोबर नाही, नोव्हेंबर नाही. त्याची गणती छाटणीपासून. छाटणी झाली की पहिला दिवस. नवव्या-दहाव्या दिवशी डोळे फुटणार, चाळिशीच्या आसपास फुलोरा, पन्नाशीत मणी धरणार, पुढे त्यात पाणी उतरणार आणि सव्वाशे ते एकशेचाळीसच्या दरम्यान माल गाडीत. कुठल्या दिवशी काय दिसलं पाहिजे ते ठरलेलं. दिसलं नाही तर काहीतरी चुकलंय, आणि लवकर दिसलं तर त्याहून जास्त चुकलंय. शेतकऱ्यानं तोंड उघडायच्या आत नुसता घड बघून अप्पा दिवस सांगायचे. एखाद्या दिवसाचा फरक पडला तर त्यांना रात्रभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

ही विद्या त्यांनी निवृत्तीनंतर आमच्यावर वापरायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या शिंद्यांच्या नातवाचं बारसं होतं. सगळ्या बायका पाळण्याभोवती. अप्पांनी वाकून बाळाकडे बघितलं, मनगट दोन बोटांत धरलं, मांडी चाचपली आणि भर मंडपात जाहीर केलं, "हे सव्वा महिन्याचं नाय. याला अडीच महिने झाले."

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे आईबापांचे दिसायला लागले. दोन-तीन मावश्या बोटांवर लग्नाची तारीख मोजायला बसल्या. शिंद्यांचा चेहरा पेढ्यासकट पडला. शेवटी बाळाच्या आईनं आतून दवाखान्याचं कार्ड आणून अप्पांच्या हातात दिलं. जन्माच्या वेळचं वजन सव्वाचार किलो. अप्पांनी कार्ड दोनदा वाचलं, तिला हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा ताई. वजनावरून वय काढलं. चूक माझी." पण जेवताना माझ्या कानाशी लागून म्हणालेच, "भाऊ, चूक माझी, पण एवढं वजन आलं कुठून?"

आता मी चष्म्यांचा दुकानदार. कॉलेज रोडला माझं लहानसं दुकान आहे. अप्पांच्या मते दुर्बीण, सूक्ष्मदर्शक आणि माझ्याकडचा वाचायचा चष्मा ही एकाच धंद्याची तीन दुकानं. त्यामुळे जगात कुठल्याही काचेतून कुणी काहीही बघितलं तरी त्याचा जाब ते मला विचारतात. "तुम्ही काचेच्या लाइनीतले. तुम्हाला माहीत पाहिजे."

हे प्रकरण सुरू झालं ते दुकानातच. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर नवा नंबर काढायला अप्पा आले होते. मी आत काच घासत होतो, ते बाहेर बसून जुनी रविवारची पुरवणी वाचत होते. एकदम ओरडले, "हे कोणी छापलं?"

बातमी साधी होती. अवकाशात सोडलेल्या त्या मोठ्या नव्या दुर्बिणीला फार लांबच्या दीर्घिका दिसल्या होत्या. लांबचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून जितकं लांब बघावं तितकं जुनं दिसतं, एवढं मीही वाचून होतो. तर विश्व जन्मून जेमतेम पन्नास-साठ कोटी वर्षं झाली असतानाच्या या दीर्घिका, आणि त्यातल्या काही चांगल्या जाडजूड, थोराड. इतक्या कमी वेळात इतकं वस्तुमान जमलं कसं, म्हणून शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले होते.

"विश्वाला एकूण दिवस किती झाले?" अप्पांनी विचारलं.

"तेराशे ऐंशी कोटी वर्षं म्हणतात."

अप्पांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या लेन्सच्या पाकिटावर आकडे मांडले. मग जुना चष्मा काढून, डोळे माझ्यावर रोखून म्हणाले, "दहा कोटी वर्षांचा एक दिवस धरा. एकशे अडतीस दिवस. बरोबर काढणीचा हिशेब बसतो. म्हणजे हे लोक म्हणतात, छाटणीनंतर पाचव्या दिवशी घड तयार? भाऊ, पाचव्या दिवशी डोळासुद्धा फुगत नाय. काडी नुसती काडी असते. आणि यांना मणी दिसले?"

मी म्हटलं, "अप्पा, ते विश्व आहे. निफाड नाही."

"नियम नियम असतो," ते म्हणाले आणि पुरवणी घडी करून घेऊन गेले. माझ्या पाकिटासकट.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर तक्ता लागला. वर 'छाटणी', खाली 'आज'. मधे एकशे अडतीस रेघा. ब्याण्णवाव्या दिवशी सूर्य, त्याच्यापुढे कंसात 'पाणी उतरण्याच्या सुमारास'. अगदी तळाला, काढणीच्या दिवशी, गाडीत माल भरून ताडपत्री बांधताना शेवटच्या चार मिनिटांत माणूस. "आणि लगेच विचारायला लागला, बाग कोणाची," अप्पा म्हणायचे. दीर्घिका म्हणजे मणी, दीर्घिकांचा समूह म्हणजे घड. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या रेघेवर लाल शाईनं प्रश्नचिन्हं. चौदाव्या रेघेवर एक मोठं प्रश्नचिन्ह, कारण तिथे म्हणे शेकडो मण्यांचा भरलेला घडच सापडला होता.

विश्वाच्या सुरुवातीला महास्फोट म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. स्फोटानं काही उगवत नाही, उगवतं ते छाटणीनं. आणि छाटणी म्हटली की त्याआधी वेल होतीच, कारण कोऱ्या जागेवर कुणी कात्री चालवत नाही. मी म्हटलं, त्याआधी काय होतं हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही. "त्यांनी बागवानाला विचारावं," अप्पा म्हणाले. कृष्णद्रव्याचं मात्र त्यांना चटकन पटलं. दिसत नाही, पण त्याच्याच आधारानं दीर्घिका जमतात, हे मी वाचून दाखवल्यावर ते हसले. "मांडव आहे तो. पानं आली की मांडवाच्या तारा दिसतात का? पण सगळा भार त्यांच्यावर. पानाखाली बघायची सवय पाहिजे."

गंमत म्हणून हे सगळं छान होतं. पण त्यांना ही गंमत नव्हती. भाजी आणायला निघालेले अप्पा जिन्यात थांबायचे आणि माझ्या दारावर टकटक करून म्हणायचे, "भाऊ, इतक्या लवकर इतकं मोठं कसं होतं?" माझी बायको सुलभा दार उघडायची तर तिलाही तेच. ती म्हणायची, "मला काय माहीत अप्पा, चहा घेता का?" प्रश्न त्यांच्या जिवाला लागला होता. का लागला होता ते मला कळायला दीड वर्ष गेलं, आणि मी लोकांचे डोळे तपासणारा माणूस.

शेवटी त्यांनी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेला पत्र लिहायचं ठरवलं. ते सांगणार, मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप करणार. पत्र असं होतं: "महोदय, आपल्या लोकांस पाचव्या दिवशी पक्व माल दिसल्याचे वाचनात आले. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात असे तीन वेळा घडले. एकदा शेतकऱ्याने छाटणीची तारीख चुकीची सांगितली होती. एकदा वजनकाट्यावर दगड राहिला होता. एकदा मीच शेजारच्या प्लॉटमध्ये उभा होतो. तरी कृपया आपला प्लॉट तपासून पाहावा. आपला, निंबा भामरे."

मला वाटलं, हे पत्र तिथल्या चहाच्या वेळेला वाचून हसतील आणि विसरतील. पण बाराव्या दिवशी उत्तर आलं. (दिवस अर्थात अप्पांनी मोजले.) एका तरुण संशोधक बाईंचं होतं, आणि शुद्ध मराठीत. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या तिन्ही शंका आम्हालाही आल्या होत्या. काहींचं अंतर, म्हणजे तारीख, खरंच चुकली होती. काहींचं वजन चुकलं होतं, कारण पोटातल्या कृष्णविवराभोवतीचा उजेड आम्ही ताऱ्यांचा धरला होता, आणि ती कृष्णविवरंही नाकापेक्षा मोती जड अशी. पण हे सगळं वजा केलं तरी काही दीर्घिका उरतातच. त्या खरोखरच लवकर मोठ्या झाल्या. त्यांच्या वाट्याला सुरुवातीलाच फार दाट वायू आला, चहूकडून आत कोसळत राहिला, आणि त्यांनी थांबायच्या आत त्याचे तारे करून टाकले.

अप्पांनी ते पत्र प्लास्टिकमध्ये घालून तक्त्याशेजारी लावलं. मला वाटलं, प्रश्न मिटला. दोन दिवसांनी ते परत दुकानात. "दुसरं पत्र लिहा. विचारा, जी अशी लवकर मोठी होते तिचं पुढं काय होतं?"

आता नंदाताईंबद्दल सांगायला हवं.

नंदाताई म्हणजे अप्पांची एकुलती मुलगी. वय सत्तेचाळीस, देवळाली कॅम्पला एका शाळेत पर्यवेक्षिका, राहायलाही तिकडेच, एकट्या. दर रविवारी सकाळी साडेनऊला त्या दोन पिशव्या घेऊन बसमधून उतरायच्या आणि आमची इमारत आपोआप सरळ व्हायची. वॉचमन खुर्चीतून उठायचा. वरच्या मजल्यावरून ओट्याचा, बादलीचा, कपाटांचा आवाज सुरू व्हायचा. सोमवार ते शनिवारच्या गोळ्या सहा डब्यांत, पीठ चाळून, भाज्या निवडून, आमटी, दोन भाज्या, पोळ्या, अप्पांच्या शर्टाची बटणं, गॅसची नळी. दोनदा मलाही बोलल्या. "देशपांडेकाका, बाबांना दुकानात समोसा देऊ नका." मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण हात पाठीमागे गेले.

अप्पा त्यांना दीर्घिकांबद्दल सांगायला जायचे. "नंदा, ऐक, सहाव्या दिवशी..." तर त्या म्हणायच्या, "बाबा, भाजी गार होतेय." चार वाजता पिशव्या घडी करून त्या परत बसला. या सगळ्यात त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. चिडतानाही फारसं पाहिलं नव्हतं. काम करणारं माणूस, बस.

एकदा दिवाळीत त्यांनी आमच्याकडे अनारसे पाठवले. जाळी अशी पडलेली की सुलभा खलास. तिनं विचारलं, "कुठं शिकलात हो?"

"घरीच. अकराव्या वर्षी. आई गेली त्या वर्षी," नंदाताई म्हणाल्या आणि डबा परत मागितला.

तर दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं. मी अप्पांना वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं, यातल्या बऱ्याच दीर्घिका लवकरच थांबतात. नवे तारे ज्यातून व्हायचे तो वायू संपतो, किंवा तापून बाहेर फेकला जातो. मग नवं काही जन्मत नाही. जुने तारे तेवढे लालसर होत तेवत राहतात. दिसायला भव्य असतात, पण आम्ही त्यांना मृत दीर्घिका म्हणतो.

अप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला. घडी करून खिशात ठेवला. हा काही भिंतीवर गेला नाही. पुढचे दोन दिवस ते दूध आणायला खाली आले नाहीत. सुलभा वर जाऊन बघून आली. म्हणाली, "तब्येत बरी आहे. नुसते बसलेत."

मी स्वतःशी म्हटलं, आकाशातल्या दीर्घिका विझल्या म्हणून कुणी इतकं मनाला लावून घेतं का? वेडा माणूस.

त्या संशोधक बाईंचं सिन्नरला आजोळ निघालं. तिकडे काही कार्याला त्या येणार होत्या, तर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्यांना संध्याकाळी पाचला व्याख्यानाला गळ घातली. हॉलमध्ये तेवीस माणसं. त्यांतली सात पंखा चांगला आहे म्हणून आलेली. बाई तिशीच्या, बोलायला गोड. चित्रं दाखवली, आदिविश्वातले दीर्घिकांचे घडत जाणारे समूह दाखवले, एवढाले लाल ठिपके. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या. पहिला प्रश्न साडेसातीबद्दल आला. दुसरा, नाशिकहून ही दुर्बीण दिसते का. मग अप्पा उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. कागद न बघताच ते म्हणाले, "बाई, मी भामरे. पत्र लिहिणारा."

बाईंचा चेहरा खुलला. "प्लॉट तपासा म्हणणारे!"

कुणी हसलं. अप्पा हसले नाहीत. "एकच विचारायचंय. जी लवकर मोठी झाली आणि थांबली, ती परत सुरू होते का?"

बाई म्हणाल्या, "क्वचित होते. तिला बाहेरून ताजा, थंड वायू मिळाला तर. अशा काही सापडल्यात. पण ती मोठ्या समूहाच्या मधोमध अडकलेली असेल तर अवघड जातं. तिथं भोवतालचं सगळं तापलेलं असतं. नवं काही आत पोचूच शकत नाही."

"म्हणजे तिच्याभोवती मोकळं झालं तर..."

"तर शक्यता वाढते," बाई म्हणाल्या.

अप्पा खाली बसले. नंतरचा चहा त्यांनी घेतला नाही.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "मधे मीच बसलोय, भाऊ."

"कशाच्या मधे?"

"थांबा जरा कुठं."

चहाच्या टपरीशी थांबलो. अप्पा एरवी नाशिकची मराठी बोलतात, पण आतून हलले की सटाणा बाहेर येतं. ग्लास हातात धरून ते म्हणाले, "नंदाची आई गेली तव्हा नंदा अकरा वर्षांची. तेरावं झालं आन् पाऊस झाला. बेमोसमी. बागांवर डाऊनीचा रोग आला. दिंडोरीपासून चांदवडपर्यंत सगळे बोलवायला लागले. मी गाडी काढली. शेजारीण जेवण देईल म्हटलं. महिन्यानं एक दिवस दुपारचा घरी आलो, तर पोर पोळ्या करत होती. स्टुलावर उभी राहून. गोल पोळ्या, भाऊ. मी विचारलं नाय, कधी शिकली. हात किती भाजले. मी चार खाल्ल्या, चांगल्या झाल्या म्हटलं आन् परत गेलो."

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"पाचशे प्लॉटचे दिवस मला तोंडपाठ होते. माझ्या आंडेरचे, माझ्या पोरीचे नव्हते." त्यांनी चहा तसाच ठेवला. "इतली लवकर इतली मोठी कशी व्हयनी, हे मी तव्हा विचारायला पाहिजे होतं. आता दुर्बिणवाल्यांना विचारतोय."

मला स्वतःची लाज वाटली. दीड वर्ष हा माणूस माझ्या दारात उभा राहून एकच गोष्ट विचारत होता आणि मी त्याला वस्तुमान समजावत होतो.

"मग आता?" मी विचारलं.

"घड फार भरला ना, की आतले मणी दबतात. फुगत नाय. मग विरळणी करतात. कात्री घेऊन मणी कापायचे. चांगले, धडधाकट मणी. शेतकऱ्याच्या जिवावर येतं, मागून शिव्या देतो. पण जागा केल्याशिवाय बाकीचे वाढत नाय." ते उठले. "चला. रविवारी तुम्ही वर या. मला एकट्याला बोलता येणार नाय."

रविवारी मी गेलो. नंदाताई ओट्याशी होत्या. अप्पा खुर्चीत ताठ. मला बघून त्यांनी एकदम सांगून टाकलं, "नंदा, पुढच्या रविवारपासून येऊ नको."

नंदाताईंचा हात पिठात थांबला. "का? दुखतंय काही?"

"नाय."

"मग कोणी काही बोललं? काका, तुम्ही काही बोललात?"

मी मान हलवली. पुढचं अप्पांनीच सांगायला हवं होतं, आणि त्यांनी सुरुवात केली ती दीर्घिकांपासून. ताजा वायू, तापलेला समूह, सहावा दिवस. नंदाताईंनी हात धुतले, पुसले. "बाबा, दीर्घिका पुरे. माझं काय चुकलं ते सांगा."

अप्पांचा आवाज फुटला. "तुझं काय चुकायचंय, माय. तू अकराव्या वर्षी मोठी झालीस आन् मला दिसलंच नाय. छत्तीस वर्षं तू माझंच करतेयस. तुझा एक रविवार तुझा नाय. मला ते बघवत नाय आता."

कुकरची शिट्टी झाली. कुणीच गॅस बंद करेना, म्हणून मी केला. नंदाताई मोरीच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या. खांदे बघून मला कळत होतं. तिकडेच तोंड ठेवून त्या म्हणाल्या, "पण बाबा, रविवारी लोक काय करतात ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाय," अप्पा म्हणाले. "तू बघ. मग मला सांग."

नंदाताईंनी त्या दिवशीचा स्वयंपाक पूर्ण केला. सहा डब्यांत गोळ्या भरल्या, आणि सातवा डबा मागून घेतला. रविवारचा. जाताना मला म्हणाल्या, "काका, समोसा नको." आवाज ओला होता, पण हुकूम तो हुकूमच.

पुढच्या रविवारी साडेनऊला वर काहीच वाजलं नाही. वॉचमन दोनदा गेटबाहेर जाऊन बसच्या दिशेनं बघून आला. सुलभा म्हणाली, "जाऊन बघा हो जरा." मी गेलो ते साडेबाराला. अप्पा आंघोळ करून, शर्ट घालून टेबलाशी बसले होते. समोर मोबाइल. ओट्यावर कुकर उपडा, कोरडा. सकाळपासून गॅस पेटलेला दिसत नव्हता. मी बसलो. रविवार इतका मोठा असतो हे मलाही तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

एक वाजता फोन वाजला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"हं. बोल... हो, जेवलो. वरण-भात. तूप घेतलं. हो, पोटभर... गोळी पण... हं... हं? ... किती वाजेपर्यंत? ... बरं. बरं बरं. कर तसं. ठेव."

फोन खाली ठेवून ते नुसते बघत राहिले.

"काय म्हणाल्या?"

"झोपली होती."

"आजारी आहेत का?"

"नाय ओ. उगाच. दहा वाजेपर्यंत झोपली." हे त्यांनी असं सांगितलं की जणू पोरीनं विद्यापीठात पहिला नंबर काढलाय. "उठली, चहा केला, गॅलरीत बसून प्यायली. भांडी तशीच आहेत म्हणाली. आणि आता परत झोपतेय."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीच करून दिलेला चष्मा, पण मला दुसरीकडे बघावं लागलं. मग मी खुर्ची मागे सरकवून उठलो आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चला अप्पा, खाली चला. सुलभानं पानं वाढलीत."

"हळू," अप्पा कुजबुजले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीये ती."

देवळाली कॅम्प तिथून बसनं पाऊण तास. आम्ही दार आवाज न करता ओढून घेतलं आणि चपला हातात धरून जिना उतरलो.